हळदीच्या दिवशी तारा जागा झाला

आमच्याकडं लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला कोण आलं न्हाय तर एखाद वेळेस माफ, पण हळदीला जो आला न्हाय त्याचं नाव पुढची दोन लग्नं होईपर्यंत निघतं. आणि माझी भाची पूर्वी, तिच्या हळदीची सगळी जबाबदारी माझ्यावर. तिचा बाप केसरीनाथ, त्याची मी थोरली बहीण. तो मला ताई म्हणतो, म्हणून त्याची पोरगी पण ताई म्हणते, आणि आता अख्खं अंजूर गाव ताई म्हणतं. नवऱ्याशी माझं पटलं न्हाय, मी भर तारुण्यात माहेरी निघून आले. पुढं थोड्याच दिवसांत पूर्वीची आई गेली आणि ती एवढीशी पोर माझ्या पदरात आली. तिचं नाक पुसण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं मी केलं. तिच्यावर ओरडले पण मीच. माझा आवाज मोठा हाय, त्याला मी काय करू?

पूर्वी शिकली. इतकी शिकली की काय शिकते ते गावात कोणाला सांगता येईना. पुण्याला राहून ताऱ्यांचा अभ्यास करते, ताऱ्यांतून एक्स-रे निघतात ते बघते, एवढं आम्हाला ठाऊक. एक्स-रे म्हटल्यावर झालं! सुट्टीला घरी आली की आळीतले लोक मोठमोठी पाकिटं घेऊन दारात हजर. "पूर्वी, बघ गो बाय, गुडघ्यात काय दिसतंय." ती पण अशी गुणाची, की फोटो उजेडाला धरायची, नीट बघायची आणि म्हणायची, "काका, मला ताऱ्यांचं कळतं, गुडघ्याचं न्हाय. पण वजन कमी करा." लोक खूश होऊन घरी जायचे.

तिला मानकोलीचं स्थळ आलं. भावेश नाव. स्वभावानं शांत, घरची गोडाऊनं, बापामागं सगळा कारभार आईच्या हातात. आईला सगळे आक्का म्हणतात. आक्का हसलेली कोणी बघितली न्हाय, अशी ख्याती. मी जन्मात कोणाला भ्याले न्हाय, पण पोरीच्या सासूला भ्यावंच लागतं. साखरपुड्याला आक्कानं एवढंच विचारलं, "लग्नानंतर शिक्षण चालू ठेवणार?" पूर्वी म्हणाली, "हो." आक्का म्हणाली, "बरं." आता ह्या 'बरं'चा अर्थ काय लावायचा? महिनाभर मी त्याच एका शब्दावर झोप घालवली. म्हणून मी ठरवलं, हळद अशी करायची की मानकोलीवाल्यांना नावं ठेवायला जागाच राहता कामा नये.

दोन हजार तीन सालचा मे महिना. लाईट रोज जायची, ती कधी येईल ते देवाला ठाऊक. म्हणून आम्ही राघोचा डीजे ठरवला होता, कारण त्याच्याकडं स्वतःचा जनरेटर होता. मागच्या अंगणात मटणाची पातेली चढली होती. पुढं मांडव, खुर्च्या, माईक. दुपारी जेवणं व्हायच्या आत बायकांनी पूर्वीला हळद लावली. हातापायाला, गालांना, कानामागं सुद्धा. पोरगी अशी पिवळीधमक झाली की माझीच दृष्ट लागेल म्हणून मी बोटं मोडली. तेवढ्यात घरातला फोन वाजला. पुण्याहून तिचे सर होते. पूर्वी फोनवर "हो सर, हो सर" करत होती आणि मग एकदम किंचाळली.

मी धावत आत गेले. "काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं, ताई. उठलाय! माझा तारा उठलाय!"

मी दार लावून घेतलं. हळदीच्या दिवशी नवरी असं काही बोलायला लागली तर लोक मांत्रिक बोलावतात. "नीट सांग," म्हटलं.

तर तिनं सांगितलं. आकाशात लांब कुठंतरी दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक कधीचा मेलाय. मरून आक्रसलाय, इतका की इथून कल्याणपर्यंतच्या जागेत मावेल, पण वजन सूर्यापेक्षा जास्त. दुसरा त्याचा जोडीदार, हलका. मेलेला तारा जोडीदाराचा वायू स्वतःकडं ओढून घेतो, आणि तो वायू पडून पडून हा मेलेला तारा गरागरा फिरायला लागतो.

"म्हणजे स्वतः मेला तो मेला," मी म्हटलं, "वर बायकोचं ओरबाडून खातो आणि नाचतो! असले आपल्या आळीत पण दोन हायत."

ती हसता हसता खाटेवर पडली. चादर पिवळी झाली. मग उठून म्हणाली, "ऐक ना. तो वायू त्याच्या अंगावर साठत जातो आणि एकदम भडकतो, दूध उतू जातं तसा. भडका आधी एका जागी पेटतो. तारा फिरतो तशी ती जागा समोर येते, मागं जाते. एक्स-रेचा उजेड कमी-जास्त होतो, पटापट, डोळ्यांना कळणार पण न्हाय इतका पटापट. ती लुकलुक मोजली की तारा सेकंदाला किती फेऱ्या मारतो ते कळतं. ह्या ताऱ्याची लुकलुक अजून कोणाला सापडलेली न्हाय. हा काही वर्षं झोपतो, मग थोडे दिवस जागा होतो. मागं जागा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आता आज झालाय."

"झालाय तर होऊ दे. तू काय करणार?"

"अमेरिकेचा एक उपग्रह हाय, तो एक्स-रे बघतो. तारा उठला की उपग्रह तिकडं वळवा, अशी मंजुरी माझ्या नावावर मिळालेली हाय. पण निरोप मीच पाठवायला पाहिजे, आणि ते उलट विचारतील त्याचं उत्तर पण मीच द्यायला पाहिजे. आपल्याकडं दिवे लागतात तेव्हा तिकडं सकाळ होते, ऑफिस उघडतं, पुढच्या दिवसांत कोणता तारा बघायचा ते ठरतं. त्याच्या आत निरोप गेला पाहिजे. ताई, मी भिवंडीला जाऊन येते. सायबर कॅफेत अर्धा तास."

"गप्प बस!" मी ओरडले. "हळद लागलेली नवरी वेस ओलांडते कधी? काय करायचं ते लग्नानंतर कर."

"लग्नानंतर तो झोपेल, ताई."

"मग परत उठेल तेव्हा बघ."

"तेव्हा उपग्रह असेलच असं न्हाय. जुना झालाय तो."

ती भांडली असती तर मी पण भांडले असते, भांडण मला येतं. पण ती भांडली न्हाय. "ठीक हाय," म्हणाली आणि पिवळे हात मांडीवर ठेवून खिडकीतून बघत बसली. लहान असताना हिच्या आईला नेली त्या दिवशी ही पोर अशीच बसली होती, हट्ट न्हाय, रडणं न्हाय. आग लागो त्या रिवाजाला, असं एकदा मनात आलं, पण रिवाज माझ्या आईनं शिकवलेला, तो मोडवेना. मग एकदम डोक्यात उजेड पडला.

"नवरीनं वेस ओलांडायची न्हाय, एवढंच ना? कॉम्प्युटरला कोणी हळद लावलीय?"

चुलतभावाचा मनोज टेंपो घेऊन भिवंडीला पळाला. सायबर कॅफेवाला त्याचा दोस्त. त्यानं खुर्च्या आणायच्या टेंपोत कॉम्प्युटर बांधून दिला आणि बजावलं, "ले जा भाई, शादी का मामला है. बस हल्दी मत लगने देना." तो डबा उतरवून ओटीवरच्या टेबलावर ठेवला, फोनची वायर काढून त्याच्या मागं खुपसली, आणि राघोच्या जनरेटरवरून लाईन ओढली. पूर्वी बसली. पहिल्यांदा हात लागला तेवढ्यात सगळी बटणं पिवळी.

आणि राघोनं गाणं लावलं. ढुम्म झालं आणि कॉम्प्युटर बंद. परत चालू केला, परत ढुम्म, परत काळा पडदा. डीजे जोर करायचा तेव्हा कॉम्प्युटरला करंट पुरत न्हवता, असं मनोज म्हणाला.

मी मांडवात गेले. "राघो, बंद कर."

"ताई, आवाज कमी करतो."

"कमी न्हाय, बंद."

राघोनं कानाला हात लावला. "हळदीला डीजे बंद? ताई, लोक काय समजतील?"

"समजू दे काय समजायचंय ते! माझ्या घरची हळद हाय, तुझ्या मामाची न्हाय."

त्यानं बंद केला. लोक काय समजतात, त्याचा विचार करायला मला सवड न्हवती. आमच्या भागात हळदीचा डीजे मध्येच बंद होतो तो एकाच कारणानं. घरात कोणीतरी गेलं. रस्त्यावरून येणाऱ्या पाहुण्यांनी वाजणारा डीजे थांबलेला ऐकला. ज्यांनी फोन लावून बघितला त्यांना फोन सारखा एंगेज, कारण फोनवर तर आमचा कॉम्प्युटर बसलेला. मोबाईल एकट्या मनोजकडं, त्याला ओटीवर रेंज न्हाय. आणि केसरीनाथला वर्षापूर्वी छातीत दुखलेलं सगळ्यांना माहीत. दोन आणि दोन चार. बातमी आमच्या आत्याच्या गावाला, दिघाशीला, पोचली आणि मानकोलीला पण पोचली: केसरीनाथ गेला!

इकडं आम्हाला काय पत्ता. पूर्वीचा निरोप गेला होता. ती उत्तराची वाट बघत बसली होती, मी तिला पदरानं वारा घालत होते. तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली आणि दिघाशीची रंगूबाई, आमची आत्या, छाती पिटत आत आली.

"केसऱ्या रं! पोरीची हळद पण न्हाय रं बघितलीस!"

तिच्यामागं आणखी बायका, नव्या साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या, आणि सगळ्या रडतायत. केसरीनाथ मागच्या अंगणात मटणाचं मीठ बघत होता. आवाज ऐकून तो पळी हातात घेऊन पुढं आला. तो पण घाबरलेला.

"काय झालं, आत्या? कोण गेलं?"

"तू!" रंगूबाई म्हणाली.

आणि मग तिनं नीट बघितलं. किंकाळी मारून ती जी मागं सरली, ती ओटीवरच्या वायरीत पाय अडकून बसली. तिला काही लागलं न्हाय, देवाची कृपा. पण फोनची पिन भिंतीतल्या डबीसकट निखळून बाहेर आली. पूर्वी म्हणाली, "ताई, गेलं. कनेक्शन गेलं."

मनोजनं डबी परत बसवली. पण पिन ढिली. दाबून धरली की लागायची, सोडली की तुटायचं. दिवेलागण व्हायला आली होती. मनोज जनरेटरपाशी हवा, कारण जनरेटर पण मधेच आचके द्यायला लागला होता. माझ्यासकट घरातल्या सगळ्या बायकांचे हात हळदीच्या तेलानं बुळबुळीत, केसरीनाथचे मटणाच्या, आणि नव्या आलेल्या बायका रंगूबाईला सावरण्यात. माझा पदर पण तेलकट, त्यानं पिन धरायला गेले, ती निसटली. रडू येईल असं झालं, पण रागावणं सोपं, म्हणून मी रंगूबाईवर ओरडले. बिचारी आधीच अर्धमेली झालेली.

तोच दारात जीप थांबली. मानकोलीची. जीपमधून आधी भावेश उतरला. उतरला कसला, उडीच मारली. डोक्यापासून पायापर्यंत हळद, गळ्यात मुंडावळ्या लोंबतायत. हळद लागलेला नवरदेव चार गावं ओलांडून आला होता! धावत ओट्यापर्यंत आला. त्याच्या गालावरच्या हळदीत पाण्याच्या ओल्या रेघा उमटलेल्या.

"पूर्वी कुठंय? तिच्याजवळ कोण हाय?"

बाप गेला असं ऐकून तो पहिलं हेच विचारत होता. हे स्थळ बरं की वाईट, महिनाभर मी तोलत होते. त्या क्षणाला मला तो पोरगा पटला. पण पटला म्हणून काय झालं, लग्नाआधी हळदीतली नवरी नवऱ्यानं बघायची न्हाय. मी दारातूनच आतल्या खाटेवरची चादर ओढली आणि त्याच्या डोक्यावरून टाकली.

"हलू नको! सासरा जिवंत हाय तुझा. मटण खातोय."

चादरीखालून "काय?" असं आलं.

त्याच्यामागून आक्का उतरली. पांढऱ्या साडीत, तोंड घट्ट मिटलेलं. तिनं केसरीनाथकडं बघितलं, पळीकडं बघितलं, बंद डीजेकडं बघितलं, आणि मग ओटीवर बसलेल्या पिवळ्या नवरीकडं आणि तिच्यासमोरच्या डब्याकडं बघितलं. मोडलं लगीन, मी मनात म्हटलं. तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून!

पूर्वीच उठली. आक्काच्या पाया पडली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तारा, उपग्रह, निरोप, निखळलेली पिन. मी डोळे मिटून घेतले.

आक्कानं विचारलं, "हा तारा परत कधी उठेल?"

"सांगता येत न्हाय. बरीच वर्षं लागतील."

"आणि लगीन?"

"ते उद्या, सकाळी."

"मग उद्याचं उद्या बघू. आधी ह्याचं उरक," आक्का म्हणाली. आणि चादरीकडं वळून, "भावेश, उभा काय राहिलायस? ती पिन धर."

खरं सांगते, मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. चादरीतला नवरदेव मी धरून भिंतीपाशी नेला. त्यानं खिशातल्या कोरड्या रुमालात पिन धरली आणि डबीत दाबली. "हललास तर याद राख," मी सांगितलं. कॉम्प्युटर कुईकुई करून परत जोडला गेला. उत्तर आलेलं होतं. पूर्वीनं वाचून आम्हाला मराठीत सांगितलं: तुझ्या ताऱ्यासाठी दुसऱ्या माणसाचा तारा मागं ठेवावा लागेल. भडके येत्या दोन-तीन दिवसांतच होतील, असं तुला का वाटतं?

मांडवातले लोक आता ओट्याला चिकटले होते. रंगूबाई पण डोळे पुसून पुढं आली. सगळ्यांना एकदम कळलं की पोरीची परीक्षा चाललीय. पूर्वीनं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग ती जी बटणं बडवायला लागली ती थांबेना. काय लिहिलं ते मला विचारू नका. मी तिचा चेहरा बघत होते. आळीतल्या काकांना वजन कमी करा म्हणून सांगणारी ती पोर न्हवतीच. कोणा साहेबाला घाबरून बोलत न्हवती, मागत न्हवती, पटवून देत होती. ही मी वाढवलेली, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. मग आम्ही वाट बघत बसलो. मांडवात अंधार उतरायला लागला, आणि भावेशचा हात थरथरायला लागला ते चादरीवरून सुद्धा दिसत होतं.

"आलं," पूर्वी म्हणाली. वाचलं. परत वाचलं. मग वळून माझ्याकडं बघितलं. "वळवतायत, ताई. उपग्रह वळवतायत!"

काय सांगू! ज्यांना अर्धं कळलं ते ओरडले, ज्यांना काहीच कळलं न्हाय ते त्यांच्यापेक्षा जोरात ओरडले. राघोला कोणी सांगावं लागलं न्हाय, त्यानं डीजेची कळ अशी फिरवली की खाडीपलीकडं ऐकू गेलं असेल. केसरीनाथ पळीसकट नाचला. रंगूबाई नाचली, आणि नाचता नाचता केसरीनाथला चिमटे काढून खात्री करत होती. आणि आक्का! पदर खोचून ती मांडवात उतरली आणि अशी नाचली, अशी नाचली, की मानकोलीहून आलेले लोक नाचायचे थांबून तिच्याकडं बघायला लागले. मी पण उतरले. दोघी विहिणी हात धरून गोल फिरलो, दम लागेपर्यंत.

नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की नवरदेव अजून चादरीखाली पिन धरून उभा हाय. त्याला सोड म्हणून कोणी सांगितलंच न्हवतं. तो पण तिथल्या तिथं नाचत होता.

दुसऱ्या दिवशी लगीन लागलं. पाठवणीला सगळे रडले. केसरीनाथ तर लहान पोरासारखा रडला. मी रडले न्हाय. कोणीतरी ठाम राहायला पाहिजे ना, खुर्च्या मोजून परत द्यायच्या होत्या, पातेली घासायची होती. बायका आपसात म्हणाल्या, ताईचं काळीज दगडाचं. म्हणू दे, म्हटलं.

पाच-सहा दिवस गेले. घर असं रिकामं झालं की मला ओरडायला कोणी सापडेना. सासरहून पोरीचा पहिला फोन येतो तो रडायचा असतो, हे मला ठाऊक. मी पण असाच केला होता आणि आईनं फोन ठेवून दिला होता. म्हणून मी मनाशी उत्तरं तयार करून ठेवली होती: हळूहळू सवय होईल, सासूला उलट बोलू नको, सणाला आणायला माणूस पाठवते.

भर दुपारी फोन वाजला. पूर्वी होती. आणि ती रडत न्हवती, ओरडत होती.

"ताई, भडका सापडला! लुकलुक सापडली! सरांनी पण बघितली, मी पण इथल्या कॉम्प्युटरवर बघितली. सेकंदाला पाचशेच्या वर फेऱ्या मारतो, ताई! एका सेकंदाला! हे आधी कोणालाच माहीत न्हवतं, आज पहिल्यांदा आपल्याला कळलं."

तयार केलेलं एक पण उत्तर कामाला येईना. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी विचारलं, "जेवलीस का?"

"न्हाय अजून. जेवायलाच बसत होते, तर आक्का म्हणाल्या, ताट मी झाकून ठेवते, आधी तुझ्या ताईला सांग. तिच्याआधी कोणाला सांगू नको."

मी फोन धरून उभी होते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. मोठ्यानं रडले, आळीत ऐकू जाईल एवढ्यानं. पलीकडून पूर्वी घाबरून "ताई, ताई" करत होती.

"काही न्हाय झालं," मी म्हटलं. "परत सांग. किती फेऱ्या मारतो?"

तिनं परत सांगितलं.